बॉस्टन ते पॅरिस: दातांनी पटवलेली ओळख

1846 च्या शरद ऋतूत बॉस्टनमधल्या डॉ. नेथन कूली कीप या दंतवैद्याकडे एक घाईचं काम आलं. गिऱ्हाईक होते डॉ. जॉर्ज पार्कमन. ते स्वतः वैद्यकशास्त्र शिकलेले होते, पण त्यांची खरी ओळख शहरातले बडे घरमालक आणि सावकार अशी होती. हार्वर्डच्या नव्या मेडिकल कॉलेजला त्यांनी जमीन दिली होती आणि त्या इमारतीच्या उद्घाटनाला त्यांना नवी कवळी लावून उभं राहायचं होतं. तोवर काम होणार नसेल तर कवळी नकोच, असं त्यांनी कीपना बजावलं होतं. पार्कमनचा खालचा जबडा पुढे आलेला आणि फार अडचणीच्या ठेवणीचा होता. त्याचं माप घेऊन प्लास्टरचे साचे करायचे, सोन्याच्या पत्र्याच्या तबकड्या घडवायच्या आणि त्यावर पोर्सिलीनचे दात भट्टीत भाजून बसवायचे, असं ते काम. भाजताना त्यातला एक भाग बिघडला आणि रात्र जागून तो पुन्हा करावा लागला. कार्यक्रमाला जेमतेम अर्धा तास उरला असताना कवळी पार्कमनच्या तोंडात बसली.

काही दिवसांनी ते परत आले. खालच्या कवळीत जिभेला जागा पुरत नव्हती. कीपनी लहानशा चाकावर आतली बाजू घासून दिली. ओबडधोबड काम झालं, कारण दात आधीच पक्के बसलेले होते आणि चाक हवं तसं आत जात नव्हतं. साचे मात्र त्यांनी टाकून दिले नाहीत. जपून ठेवले.

तीन वर्षांनी, 23 नोव्हेंबर 1849 रोजी, शुक्रवारी दुपारी, पार्कमन घरी जेवायला आले नाहीत. वक्तशीर म्हणून सगळं शहर त्यांना ओळखत होतं, त्यामुळे घरच्यांना त्याच दिवशी धास्ती वाटली. नदीत गळ टाकले गेले, 3000 डॉलरचं बक्षीस जाहीर झालं. शेवटचे ते दिसले होते मेडिकल कॉलेजच्या दारात, आपणच दिलेल्या जमिनीवरच्या त्या इमारतीत शिरताना. आत रसायनशास्त्राचे प्राध्यापक जॉन वेब्स्टर यांची प्रयोगशाळा होती. वेब्स्टर कर्जात बुडालेले. आपला खनिजांचा संग्रह त्यांनी पार्कमनकडे गहाण टाकला होता आणि तोच पुन्हा दुसऱ्याकडेही टाकला होता. कॉलेजचा शिपाई एफ्रेम लिटलफील्ड याला संशय आला. आठवडाभराने त्याने वेब्स्टरच्या खोलीखालच्या संडासाच्या खड्ड्याची भिंत फोडली. आत माणसाच्या देहाचे तुकडे निघाले. पुढे एका चहाच्या पेटीत छातीचा सांगाडा सापडला, आणि प्रयोगशाळेच्या भट्टीतल्या राखेत जबड्याच्या हाडांचे अवशेष, थोडं सोनं आणि पोर्सिलीनचे काही दात.

शीर नव्हतं. कॉलेज वैद्यकीय, तिथे शवविच्छेदन रोजचंच. हे तुकडे कुठल्याही शवाचे असू शकतात, असं वेब्स्टरचे वकील सहज म्हणू शकत होते. मेलेला माणूस पार्कमनच, हे सिद्ध झाल्याशिवाय खुनाचा खटला उभाच राहत नव्हता. म्हणून माझ्या मते 1850 च्या मार्च महिन्यातल्या त्या गाजलेल्या खटल्याचा कणा कीप यांची साक्ष हाच आहे. लिटलफील्डची कहाणी कितीही थरारक असली तरी ती संशयाची कहाणी होती.

कीपनी न्यायालयात साचे आणले. भट्टीत सापडलेला दातांचा खालचा भाग साच्यावर ठेवून दाखवला, तो बसला. मग त्यांनी चाकाने घासल्याची ती आतली खूण दाखवली, जिभेसाठी केलेली. स्वतःच्या हाताची खूण कारागीर विसरत नाही. पार्कमन नाहीसे होण्याच्या दोनएक आठवडे आधीही ते कवळीच्या दुरुस्तीसाठी आले होते, त्यामुळे सगळं ताजं होतं. साक्ष देता देता कीपना रडू आलं. वकिलांनी विचारलं, भट्टीत पोर्सिलीन इतकं शाबूत कसं राहिलं? कीप म्हणाले की असे दात नुसतेच निखाऱ्यात टाकले तर आतल्या ओलाव्यामुळे फुटून जातात. हे फुटले नाहीत याचा अर्थ ते डोक्यासकट आत गेले, भोवतीच्या मांसाने आच हळूहळू पोहोचू दिली. न्यायालयात किती शांतता पसरली असेल, याची कल्पना करता येते.

बचाव पक्षानेही एक दंतवैद्य उभा केला. त्याचं नाव विल्यम मॉर्टन. 1846 च्या ऑक्टोबरात बॉस्टनमध्येच इथर हुंगवून वेदनारहित शस्त्रक्रिया जगाला दाखवणारा तोच मॉर्टन. असे दात कुणाचेही असू शकतात, त्यावरून माणूस ओळखता येत नाही, असं त्याने सांगितलं. ज्युरीने कीपवर विश्वास ठेवला. वेब्स्टरना 30 ऑगस्ट 1850 रोजी फाशी झाली. त्याआधी त्यांनी रागाच्या भरात पार्कमनना मारल्याची कबुली दिली होती. (इथरशी कीप यांचाही संबंध होता. 1847 च्या एप्रिलमध्ये कवी लाँगफेलो यांच्या पत्नीच्या बाळंतपणात त्यांनी इथर दिला. अमेरिकेत बाळंतिणीला असा दिलेला हा पहिला इथर मानतात. पुढे हार्वर्डचं दंतवैद्यकीय महाविद्यालय निघालं तेव्हा पहिले डीन कीपच झाले.)

दातांवरून मृताची ओळख पटणं ही काही बॉस्टनची नवलाई नव्हती. आपल्याकडे त्याहून साडेसहाशे वर्षं आधीची कथा आहे. 1194 मध्ये चंदावरच्या लढाईत कनौजचा राजा जयचंद पडला. प्रेतांच्या ढिगात त्याचा देह सापडेना. शेवटी सोन्याने बसवलेल्या दातांवरून तो ओळखला, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. हा फिरिश्ता लहानपणी अहमदनगरला वाढला आणि त्याने आपला ग्रंथ विजापूरला आदिलशाहीच्या आश्रयाने लिहिला, म्हणजे ही गोष्ट आपल्या दख्खनच्या मातीतच कागदावर आली. घटनेनंतर चारशे वर्षांनी लिहिलेली असल्याने तिला पुरावा म्हणणं धाडसाचं होईल, पण ती ज्या सहजतेने सांगितली आहे त्यावरून एक दिसतं: तोंडात सोनं असलेला माणूस मेल्यावरही हरवत नाही, हे लोकांना ठाऊक होतं.

राजा, सावकार. दोघांच्याही तोंडात सोनं. सामान्य माणसाच्या तोंडात काय होतं? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाढेला कीड लागून ठणका सुरू झाला की एकच उपाय होता. दाढ उपटायची. उपटलेल्या दाढेची जागा पोकळ राहते आणि तशी पोकळी हजारोंच्या तोंडात सापडते. त्यातून ओळख अवघडच. किडलेला दात जागेवरच ठेवून त्याच्या मुळातली नस काढायची आणि पोकळ नळी बंद करायची, ही रूट कॅनलची कल्पना याच शतकात हळूहळू हाती आली. फिलाडेल्फियात एडवर्ड हडसन यांनी 1809 मध्ये मुळाच्या नळीत सोन्याचा वर्ख ठासला. 1836 मध्ये स्पूनर यांनी नस मारण्यासाठी सोमल वापरावा असं लिहिलं. ते घातकच होतं, तरी अनेक दशकं चाललं. 1838 मध्ये एडवर्ड मेनार्ड यांनी घड्याळाची स्प्रिंग घासून नळीत जाणारी बारीक सुई केली. हेच मेनार्ड पुढे बंदुकांचे संशोधक म्हणूनही गाजले. 1864 मध्ये न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी दाताभोवती रबराची पातळ चादर बांधून तो कोरडा ठेवण्याची युक्ती काढली. आणि 1867 मध्ये बोमन यांनी मुळात गटापर्चा भरला.

गटापर्चा म्हणजे मलायातल्या झाडांचा चीक. गरम केला की मऊ होतो, थंड झाला की घट्ट, आणि ओलाव्याला जुमानत नाही. समुद्रातल्या तारायंत्राच्या तारांना तोच गुंडाळत. 1870 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते एडन जी तार टाकली, तिच्याभोवतीही हाच चीक होता. बोमन यांच्या पद्धतीत तो हजारो दाढांच्या मुळात जाऊन बसला, आणि आजही तिथेच बसतो. प्रत्येक मुळाची नळी वेगळी, तिचं वळण वेगळं, चीक कुठवर पोहोचला ती रेघ वेगळी. म्हणजे एका साध्या दाढेत ओळखीची खूण तयार झाली होती. फक्त ती तोंड उघडून दिसत नव्हती.

दिसणाऱ्या खुणांची खरी परीक्षा पॅरिसमध्ये झाली. 4 मे 1897. रू जाँ-गुजाँ या रस्त्यावर ‘बझार द ला शारिते’ भरला होता. उमराव घराण्यातल्या स्त्रिया दरवर्षी इथे धर्मादाय कामासाठी वस्तू विकत. त्या वर्षी रिकाम्या जागेत एक लांबट लाकडी मंडप उभारला होता, सुमारे 80 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद, आत रंगवलेलं कापड आणि कागदाचा लगदा वापरून मध्ययुगीन पॅरिसची गल्ली तयार केलेली, वर कापडाचं छत. गर्दी खेचायला एका कोपऱ्यात सिनेमाटोग्राफ ठेवला होता. चित्रपट दाखवायची कला तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. दिव्याला वीज नव्हती. इथरच्या वाफेवर दिवा जळत असे. दुपारी चारच्या सुमारास दिव्यातलं इथर संपलं. अंधाऱ्या खोलीत ते भरत असताना प्रकाशासाठी काडी ओढली गेली. साचलेल्या वाफेने पेट घेतला, ज्वाला पडद्याला लागली, पडद्यावरून छताला. पंधरा-वीस मिनिटांत मंडप राख झाला. बाहेर पडायच्या दारात स्त्रिया एकमेकींच्या लांब झग्यांवर पाय अडकून पडल्या. मागच्या बाजूला असलेल्या ओतेल द्यू पालेच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज तिथल्या आचाऱ्याने तोडले आणि अनेक जणींना आत ओढून घेतलं. सव्वाशेच्या आसपास माणसं मेली, त्यातल्या बहुसंख्य स्त्रिया.

त्यांच्यात आलाँसाँची डचेस सोफी शार्लोट होती, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिची धाकटी बहीण. डॉमिनिकन साध्वींच्या दुकानाची जबाबदारी तिच्याकडे होती. तिला लगेच बाहेर पडता आलं असतं. आधी बाकीच्या मुली जाऊ देत, असं म्हणून ती मागे थांबली. तिची ही धीरगंभीर कृती मला त्या दिवसाच्या सगळ्या वर्णनांत सर्वात जास्त भिडते. ती त्याच ठिकाणी जळून मेली.

प्रेतं पाले द लँदुस्त्री या मोठ्या दालनात ओळीने ठेवली. घरचे लोक कंदील घेऊन ओळींतून फिरत होते. कुणाची अंगठी सापडली, कुणाच्या कपड्याचा न जळलेला तुकडा, कुणाचा कमरेचा पट्टा. दुसऱ्या दिवशी बहुतेक देह घरी गेले, पण सुमारे तीस उरले. त्यांना ना चेहरा होता, ना दागिना, ना कापड. पॅराग्वे देशाचे पॅरिसमधले वाणिज्यदूत तिथे होते. त्यांनी सुचवलं की या स्त्रियांच्या दंतवैद्यांना बोलवा.

इतकी साधी गोष्ट. पण त्या दालनात तोवर ती कुणाला सुचली नव्हती. बोलावलेल्या दंतवैद्यांत आयझॅक डेव्हनपोर्ट होते, पॅरिसमध्ये व्यवसाय करणारे अमेरिकन. काउंटेस व्हिलनव त्यांच्याकडे उपचार घेत असे. त्यांच्या वहीत तिच्या दातांचं रेखाटन होतं: कुठला दात काढला, कुठल्या दाढेत सोनं भरलं, कुठे कीड होती. ती वही घेऊन ते प्रेतांच्या ओळीतून गेले, एकामागून एक तोंडं तपासत, आणि एका देहाचे दात त्यांच्या रेखाटनाशी तंतोतंत जुळले. डचेसचा देहही तिच्या दातांतल्या कामावरूनच ओळखला गेला. जिवंतपणी जिच्या चेहऱ्याची युरोपभर चर्चा होती, तिला शेवटी दातांतल्या सोन्याने घरी पोहोचवलं.

हे शक्य झालं त्याला कारण आहे. दातावरचं कवच वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असतं. देहातलं सर्वात कठीण ऊतक तेच. जीभ, गाल आणि ओठ जळेपर्यंत ते दाढांना आच लागू देत नाहीत. सोनं 1064 अंश सेल्सिअसला वितळतं, आणि तेवढी उष्णता तोंडाच्या आत पोहोचायला वेळ लागतो. कपडा, केस, त्वचा, चेहऱ्याचा घाट, ज्या कशावर आपण एकमेकांना ओळखतो ते सगळं आधी जातं.

पॅरिसमध्ये तेव्हा ओस्कार आमोएदो नावाचा एक तरुण प्राध्यापक होता. क्यूबातल्या मातान्सासमध्ये 1863 मध्ये जन्मलेला, न्यूयॉर्कला शिकलेला, 1889 मध्ये दंतवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी पॅरिसला आला आणि तिथेच राहिला. आगीतले देह त्याने स्वतः ओळखले नव्हते. पण ज्यांनी ओळखले त्यांच्याकडून त्याने प्रत्येक तपशील गोळा केला आणि त्याच वर्षी मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत दंतवैद्यांच्या या कामगिरीवर निबंध वाचला. 1898 मध्ये त्याचा सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ निघाला: न्यायवैद्यकातलं दंतशास्त्र या विषयावरचा जगातला पहिला मोठा ग्रंथ. नुसती घटना सांगून तो थांबला नाही. वेगवेगळे दंतवैद्य दातांना वेगवेगळ्या खुणा करतात, कुणी डावीकडून मोजतो, कुणी उजवीकडून, नावंही सारखी नाहीत. सगळ्या देशांत दात लिहून ठेवायची एकच पद्धत हवी, असं त्याने मागितलं. मागणी रुक्ष वाटते, पण त्या दालनात मागे उरलेल्या सुमारे तीस देहांतून ती आलेली आहे.

पॅरिसच्या वहीलाही एक मर्यादा होती, ती आमोएदोच्या काळात फारशी कुणी बोलून दाखवली नाही. डेव्हनपोर्टसारख्या दंतवैद्याकडे जाणारे लोक श्रीमंत होते. त्या मंडपात साध्वी आणि नोकरमाणसंही होती. ज्यांनी कधी दंतवैद्याकडे पाऊल टाकलं नाही, त्यांच्यासाठी कुणाची वही उघडणार होती?

उत्तराचा आरंभ आधीच झाला होता, दीड वर्षापूर्वी. 8 नोव्हेंबर 1895 रोजी वुर्झबर्गमध्ये राँटजेन यांना क्ष-किरण दिसले. बातमी जाहीर झाली आणि दोन आठवड्यांच्या आत, जानेवारी 1896 मध्ये, ब्राउनश्वाइगचे दंतवैद्य ओट्टो वाल्कहॉफ यांनी काळ्या कागदात गुंडाळलेली काचपट्टी तोंडात धरून स्वतःच्या दाढांवर 25 मिनिटं किरण पडू दिले. ते फार यातनादायक होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. दाढांचं क्ष-किरण चित्र पहिल्यांदाच काचेवर उमटलं.

त्याचा रूट कॅनलसाठी खरा उपयोग न्यू ऑर्लिन्सच्या सी. एडमंड केल्स यांनी दाखवला. 1899 मध्ये त्यांनी एका दाताच्या नळीत शिशाची तार घातली आणि छायाचित्र घेतलं. शिसं पांढरं दिसतं. तार मुळाच्या टोकापर्यंत पोहोचली का, हे त्यांना प्रथमच अंदाज न करता कळलं. तोवर सुई किती आत न्यायची, मसाला कुठे थांबला, हे दंतवैद्य बोटांच्या स्पर्शावर आणि रोग्याच्या ओरडण्यावर ठरवत होते. केल्सनी मग वर्षानुवर्षं हातात फिल्म धरून रोग्यांचे फोटो काढले. किरणांचा धोका तेव्हा फार थोड्यांनी ओळखला होता. त्यांच्या हाताला कर्करोग झाला. एकामागून एक शस्त्रक्रिया होत बोटं गेली, मग हात गेला. 1928 मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. रूट कॅनलच्या खुर्चीत बसलेल्या रोग्याच्या एक्स-रेमागे हा माणूस आहे, आणि त्याचं नाव मला आपल्याकडच्या दवाखान्यांत कधी ऐकू आलेलं नाही.

त्यानंतर काही काळ उलटी लाट आली. 1910 मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात लंडनचे डॉ. विल्यम हंटर यांनी दातांच्या कामाखाली साठणारा जंतुसंसर्ग सगळ्या देहाला रोगी करतो, असं ठासून सांगितलं. अमेरिकेत त्याचा अर्थ असा घेतला गेला की नस काढलेला प्रत्येक दात संशयित. हजारो दात उगाच उपटले गेले. ती लाट ओसरायला दोन-तीन दशकं लागली, आणि ती ओसरण्यात एक्स-रेचाही वाटा होता, कारण मुळाभोवतीचं हाड भरून आलेलं त्यात दिसू लागलं.

एका रूट कॅनलला सहसा तीन छायाचित्रं लागतात: सुरुवातीचं, नळीत फाइल असतानाचं आणि भरल्यानंतरचं. कवळी किंवा सोन्याचा दात नसलेल्या माणसाच्या तोंडातही या कामामुळे अशी एक खूण उरते जी दुसऱ्या कुणाच्या दाढेत तशीच असणं जवळपास अशक्य. ती खूण दाढेसोबत राहते, आणि तिचं चित्र दवाखान्यात राहतं. कीपनी प्लास्टरच्या साच्यात जे जपलं, डेव्हनपोर्टनी वहीत, ते आता फिल्मवर होतं. टोरांटोच्या धक्क्याला 17 सप्टेंबर 1949 च्या पहाटे ‘नोरॉनिक’ जहाज जळालं तेव्हा मृतांची ओळख पटवण्यासाठी जुन्या एक्स-रेंशी नवे एक्स-रे मोठ्या प्रमाणावर ताडून पाहिले गेले. 2004 च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये दातांच्या नोंदी हे ओळखीचं मोठं साधन ठरलं, पण मुख्यतः परदेशी प्रवाशांसाठी. किनाऱ्यावर राहणाऱ्या अनेक थाई लोकांच्या दातांची कुठेच नोंद नव्हती.

भारतातही हीच अडचण राहते. आपल्याकडे रूट कॅनल आता गावोगावी होतं. एक्स-रेही निघतो, आणि अनेकदा रोग्याच्याच हातात देऊन टाकला जातो, मग तो घरातल्या कपाटात किंवा कचऱ्यात जातो. दवाखान्याच्या कपाटात तो राहावा, निदान संगणकात नाव आणि तारखेसह राहावा, असं मला मनापासून वाटतं. त्याला वेळ लागत नाही. डेव्हनपोर्टना तर हाताने रेखाटावं लागलं होतं.

आमोएदोने मागितलेली एकच पद्धत अखेर आली, त्याच्या ग्रंथानंतर सत्तरएक वर्षांनी. आंतरराष्ट्रीय दंत महासंघाने (हा महासंघही 1900 मध्ये पॅरिसमध्येच स्थापन झाला) 1970 च्या सुमारास प्रत्येक दाताला दोन आकडे दिले. पहिला आकडा तोंडाचा चतुर्थांश सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासूनचा क्रम. कोल्हापुरातल्या दंतवैद्याने केस पेपरवर 36 लिहिलं आणि त्यापुढे रूट कॅनल असं नोंदवलं, तर लिऑनमध्ये इंटरपोलचा आपत्तीत मृतांची ओळख पटवण्याचा अर्ज भरणारा माणूस तोच आकडा त्याच दाढेसाठी वाचतो: खालची डावी, पहिली मोठी दाढ.